गावकावळा आणि डोमकावळा

आज ज्या पक्ष्याविषयी मी आपल्याशी बोलणार आहे, त्याची ओळख करून देण्याची काही गरज आहे असे कोणालाही वाटणार नाही. मोर, भारद्वाज किंवा खंड्या असा विषय असता तर गोष्ट वेगळी. पण कावळा! पहाटे दाराची कडी काढण्यापूर्वी ज्याचा आवाज कानी पडतो, अंगणात वाळवण घातले की ज्याच्यासाठी काठी घेऊन पोराला बसवावे लागते, तो कावळा. त्याच्याविषयी नवीन ते काय सांगायचे?

मलाही पुष्कळ वर्षे असेच वाटत होते. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो, प्राणिशास्त्र नव्हे. कावळ्याच्या म्हणी मला पाठ आहेत. कावळ्याच्या शापाने गाय मरत नाही, हे वाक्य मी वर्गात किती वेळा सांगितले असेल त्याची गणती नाही. पण आपण ज्याला कावळा म्हणतो तो एक पक्षी नसून दोन निरनिराळे पक्षी आहेत, ही गोष्ट ध्यानात यायला मला वयाची तिशी गाठावी लागली. आणि ती ध्यानात येण्यापूर्वी माझ्या हातून एक चूक होऊन गेली होती. ती आधी सांगतो, म्हणजे आजचा विषय मी का निवडला हे आपल्याला कळेल.

महाविद्यालयात येण्यापूर्वी दोन वर्षे मी एका लहान गावातील शाळेत शिक्षक होतो. पाचवीच्या मुलांना मी 'कावळा' या विषयावर दहा ओळी लिहून आणायला सांगितल्या. बहुतेकांनी लिहायचे तेच लिहिले. कावळा काळा असतो, तो काव काव करतो, तो घाण खाऊन गाव स्वच्छ ठेवतो. एका मुलाने मात्र लिहिले होते की, आमच्या घरापाशी येतो तो कावळा मानेला राखी असतो. आमच्या मळ्यात असतो तो सगळा काळा असतो, आणि तो आमच्या आज्यासारखा घोगऱ्या आवाजात बोलतो. मी 'राखी' या शब्दावर लाल शाईने काट मारली आणि समासात लिहिले, 'कावळा काळा असतो.' दहापैकी चार गुण दिले. पोरगा वही घेऊन टेबलापाशी आला आणि हळूच म्हणाला, "गुरुजी, पण दोन असत्यात." मी म्हटले, "पुस्तकात बघ, आणि जागेवर बैस." तो बसला. पुढच्या महिन्यात चिमणीवर निबंध दिला, तेव्हा त्याने पुस्तकातल्या ओळी जशाच्या तशा उतरवून आणल्या. त्याला मी आठ गुण दिले.

पुढे महाविद्यालयात आल्यावर एके दिवशी दुपारच्या सुट्टीत माझ्या डब्यातली अर्धी पोळी कावळ्याने पळविली. मी ते गमतीने आमच्या प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्यांना सांगितले. त्यांनी अगदी सहज विचारले, "कोणत्या कावळ्याने?" मी हसलो. ते मात्र हसले नाहीत. माझा दंड धरून त्यांनी मला व्हरांड्यात नेले आणि समोरच्या कौलांवर बसलेल्या पक्ष्याकडे बोट केले. "मानेकडे बघा. आणि आता तिकडे, पाण्याच्या टाकीवर बसलाय त्याच्याकडे बघा." मी पाहिले. कौलांवरच्या कावळ्याची मान राखी होती. टाकीवरचा नखशिखांत काळा होता. मला त्या वेळी ती वही आठवली.

तर श्रोतेहो, हे दोन कावळे असे. पहिला गावकावळा. दुसरा डोमकावळा, काही लोक त्याला डोंबकावळा असेही म्हणतात. आपल्या खेड्यांतल्या जुन्या माणसांना हा भेद ठाऊक असतो. संस्कृतातल्या अमरकोशातही कावळ्याच्या नावांखेरीज द्रोणकाक किंवा काकोल म्हणून एका निराळ्या कावळ्याची नोंद आहे. म्हणजे कावळे सगळे एकसारखे नव्हेत, ही जाण आपल्याकडे फार जुनी आहे. ती विसरलो ते आपण पुस्तकी माणसे.

शास्त्रज्ञांनीही या दोघांना दोन नावे दिली आहेत. गावकावळ्याला १८१७ साली व्हिएयो नावाच्या फ्रेंच पक्षितज्ज्ञाने 'कॉर्व्हस स्प्लेन्डेन्स' असे नाव दिले. स्प्लेन्डेन्स म्हणजे चकाकणारा. उकिरड्यावर टोच मारणाऱ्या पक्ष्याला असे झगमगीत नाव पाहून हसू येते खरे. पण सकाळच्या उन्हात त्याच्या पंखांवरची निळी-जांभळी झाक एकदा पाहावी, म्हणजे नाव अगदीच चुकले नाही हे पटते. डोमकावळ्याच्या नावाचा तर थेट आपल्या प्रदेशाशी संबंध आहे. मुंबई सरकारच्या चाकरीत कर्नल साइक्स म्हणून एक इंग्रज अधिकारी होता. दख्खनमधील जमीन, पिके, लोकसंख्या यांची माहिती गोळा करण्याचे त्याचे काम. ते करता करता त्याने इथल्या पक्ष्यांचीही यादी केली, आणि १८३२ साली ती लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. तीत आपल्या या काळ्या कावळ्याला त्याने 'कॉर्व्हस कल्मिनेटस' हे नाव दिले. चोचीच्या वरच्या कडेचा जो कणा असतो, त्यावरून हे नाव पडले. पुढे बराच काळ हा पक्षी म्हणजे पूर्व आशियातील मोठ्या चोचीच्या कावळ्याचीच एक पोटजात, असे मानीत. आता अनेक अभ्यासक त्याला पुन्हा स्वतंत्र जात मानतात.

आता मुख्य प्रश्न, ओळखायचे कसे? त्यासाठी दुर्बीण लागत नाही. तीन गोष्टी पाहायच्या, म्हणजे दोन डोळ्यांनी आणि एक कानांनी.

पहिली खूण मान. गावकावळ्याचे कपाळ, टाळू आणि गळा काळा असतो. परंतु मानेचा मागचा भाग, मानेच्या बाजू आणि छातीचा वरचा भाग राखाडी असतो. जणू काळ्या कोटावर कोणी राखी मफलर गुंडाळला आहे. डोमकावळ्याला हा मफलर नाही. तो चोचीपासून शेपटीपर्यंत काळा, आणि तोही तेल लावल्यासारखा तुळतुळीत.

दुसरी खूण चोच. गावकावळ्याची चोच त्या मानाने सडपातळ. डोमकावळ्याची चोच जाड, भक्कम, आणि तिची वरची कड कमानीसारखी वळलेली. चोच जिथे संपते तिथे कपाळ एकदम चढावर गेल्यासारखे दिसते. अंगानेही डोमकावळा थोराड. गावकावळा चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सुमारे १७ इंच, म्हणजे ४३ सेंटिमीटर भरतो. डोमकावळा सुमारे १९ इंच, म्हणजे ४८ सेंटिमीटर. पण हे दोन इंच एकट्या पक्ष्यावर ओळखू येत नाहीत. दोघे शेजारी बसले तरच फरक जाणवतो. म्हणून केवळ आकारावर भिस्त ठेवू नये. चोच पाहावी.

तिसरी खूण आवाज. गावकावळ्याचे 'काव काव' थोडे पातळ, थोडे नाकातून आल्यासारखे, आणि सारखे चालू. डोमकावळ्याचा आवाज खोल, जड आणि घोगरा. माझ्या त्या विद्यार्थ्याने त्याला आज्याच्या आवाजाची उपमा दिली होती. इतकी वर्षे मी उपमा अलंकार शिकवतो आहे. याहून नेमकी उपमा मला अजून सुचलेली नाही.

ह्या तीन खुणांच्या जोडीला दोघांच्या राहणीतलाही फरक ध्यानात ठेवावा. गावकावळा हा माणसाचा शेजारी. मंडई, मासळीबाजार, एस.टी. स्टँड, खानावळीची मागची बाजू, खेड्यातला उकिरडा, ही त्याची ठिकाणे. जिथे माणसाची वस्ती नाही तिथे तो सहसा आढळत नाही. माणसाबरोबर तो परमुलखातही गेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कचरा साफ करील म्हणून त्याला आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटावर नेऊन सोडले. काही ठिकाणी तो जहाजांवर बसून आपणहून पोहोचला. आज पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तो इतका माजला आहे की, तिथल्या लहान पक्ष्यांची अंडी-पिले त्याच्यापुढे सुरक्षित राहत नाहीत. केनिया सरकारच्या वन्यजीव खात्याने तर २०२४ साली दहा लाख गावकावळे नष्ट करण्याची योजना जाहीर केली. आपल्या घरचा शेजारी दुसऱ्याच्या दारी उपद्रव कसा होतो, त्याचे हे उदाहरण आहे.

डोमकावळा तसा नाही. तो गावात येतो, शहरातही येतो. पण त्याला झाडी हवी. आंबराई, ओढ्याकाठची दाट झाडे, मळ्यातली वड-पिंपळाची जुनी झाडे, डोंगराचा उतार, हे त्याचे राज्य. शहरात तो दिसला तर बहुधा मोठ्या बागेत, टेकडीलगत किंवा जुन्या वृक्षांच्या आवारात दिसेल. गावकावळ्यासारखा घोळक्याने ओरडत तो क्वचितच हिंडतो. पुष्कळदा जोडीने किंवा चार-पाचांच्या टोळीने असतो. रानात वाघ-बिबट्याने मारलेले जनावर कुठे पडले आहे हे वनरक्षकाला पुष्कळदा डोमकावळ्यांच्या ये-जा करण्यावरून कळते. संध्याकाळी झाडावर कावळ्यांची जी 'शाळा' भरते, शेकडोंनी येऊन जागेवरून भांडणारे ते कावळे गावाच्या मध्यवस्तीत बहुतेक करून गावकावळे असतात. अर्थात हा ठोकताळा झाला, कायदा नव्हे. आमच्या महाविद्यालयाच्या आवारात दोघेही आहेत, हे मी आपल्याला आधीच सांगितले.

घरट्याचा काळही वेगळा. चिऊ-काऊच्या गोष्टीत कावळ्याचे घर शेणाचे असते आणि पावसात वाहून जाते. मुलांनी ती गोष्ट अवश्य ऐकावी. परंतु खऱ्या कावळ्याचे घर काटक्यांचे असते. गावकावळा साधारणपणे एप्रिल ते जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर घरटे करतो. झाडाच्या बेचक्यात काटक्या रचतो, आत काथ्या, चिंध्या, केस यांचे अस्तर घालतो. शहरात तर तारेचे तुकडेही लावतो. आपल्या दख्खनकडील डोमकावळा बहुधा त्याआधीच, डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत, उंच झाडावर घरटे करतो. म्हणून माघ महिन्यात आंब्याच्या शेंड्यावर काडी घेऊन जाणारा कावळा दिसला तर थांबावे आणि त्याची मान पाहावी.

इथे कोकिळेची आठवण होणे साहजिक आहे. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते हे आपण लहानपणापासून ऐकतो. कोणत्या कावळ्याच्या? मुख्यतः गावकावळ्याच्या, क्वचित डोमकावळ्याच्याही. चैत्र-वैशाखात कोकिळ कंठ फोडून ओरडू लागतो, तोच गावकावळ्याच्या घरट्याचा हंगाम असतो. कोकिळेचे पिलू कावळ्याच्या पिलाच्या दोन-तीन दिवस आधीच अंड्यातून बाहेर येते आणि चाऱ्यावर पहिला हक्क सांगते. मोसमांची ही जुळणी ध्यानात घेतली, म्हणजे दोन कावळे वेगळे ओळखण्याचा उपयोग कोकिळेचे वर्तन समजण्यालाही कसा होतो ते दिसून येईल.

आता फसगतीच्या जागा सांगतो. पहिली फसगत कोकिळाचीच. नर कोकिळ काळाभोर असतो आणि लांबीला जवळजवळ गावकावळ्याएवढा. त्याला घाईत पाहिले तर डोमकावळा वाटतो. पण त्याचे डोळे लालभडक, चोच फिकट हिरवट आणि शेपटी लांब असते. शिवाय तो पानांत दडून बसतो. कावळ्याला दडण्याची गरज वाटत नाही. दुसरी फसगत उजेडाची. सूर्य पक्ष्याच्या मागे असला तर राखी मान काळी दिसते. उलट, कडक उन्हात डोमकावळ्याच्या पाठीवर उजेड चकाकला की तिथे राखी रंगाचा भास होतो. तिसरी फसगत पावसाची. भिजलेल्या गावकावळ्याची मान गडद होते. चौथी, पिलांची. नुकत्याच उडू लागलेल्या गावकावळ्याची मान मळकट असते, राखी आणि काळ्याची सीमा स्पष्ट नसते. म्हणून नियम असा ठेवावा. मान, चोच आणि आवाज या तीन खुणांपैकी दोन तरी जुळल्या तर नाव सांगावे. नाही जुळल्या तर वहीत सरळ लिहावे, 'कावळा पाहिला, जात कळली नाही.' असे लिहिण्यात कमीपणा काही नाही.

कोणी विचारील, "अहो प्राध्यापक, इतकी यातायात कशासाठी? राखी असो की काळा, कावळा तो कावळाच." प्रश्न रास्त आहे. त्याचे एक उत्तर आपण २०२१ साली अनुभवले. त्या वर्षाच्या तोंडावर राजस्थानात आणि मध्यप्रदेशात कावळे मरून पडू लागले, आणि तपासणीत बर्ड फ्ल्यूचा विषाणू निघाला. मग महाराष्ट्रातही मेलेल्या कावळ्यांत तो सापडला, आणि कोंबड्या पाळणाऱ्यांच्या पोटात गोळा आला. कावळा आपल्या अंगणात येतो, खुराड्याजवळचे सांडलेले दाणे टिपतो. तो मरू लागला की ती धोक्याची पहिली घंटा असते. अशा वेळी 'कुठेतरी काही पक्षी मेले' या सांगण्यापेक्षा 'आमच्या गावठाणात आज सकाळी पाच गावकावळे मेलेले दिसले' हे सांगणे पशुवैद्यकीय दवाखान्याला किती उपयोगी पडेल! मात्र एक गोष्ट कायम ध्यानात ठेवा. मेलेल्या पक्ष्याला हात लावू नका, मुलांना आणि कुत्र्यांना जवळ जाऊ देऊ नका, आणि दवाखान्याला ताबडतोब कळवा. जात ओळखायची ती लांबूनच.

दुसरे उत्तर शिक्षक बंधुभगिनींसाठी आहे. आपल्या शाळेला प्रयोगशाळा नसेल, दुर्बीण नसेल. कावळा तर आहे! वर्गाचे चार गट करा. आठवड्यातून एक दिवस, शाळा भरण्यापूर्वी अर्धा तास, एका गटाने बाजारपेठेत उभे राहावे, एकाने पाणवठ्यावर, एकाने मळ्याच्या वाटेवर, एकाने शाळेच्या आवारात. वहीत रकाने आखा: तारीख, वेळ, ठिकाण, राखी मानेचे किती, सगळे काळे किती, न कळलेले किती. वर्षभराने ते आकडे फळ्यावर मांडा. आपल्या गावात डोमकावळा कुठवर येतो, कोणत्या महिन्यात काड्या गोळा करतो, पितृपक्षात पत्रावळीवर कोणता आधी उतरतो, हे मुले तुम्हाला सांगतील. घासाला कावळा शिवला की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. पण शिवला तो कोणता होता, हे डोळे असलेल्या कोणालाही पाहता येते. एवढ्या साध्या वहीतून मुलांना मोजणी येते, नोंद येते, आणि दोन वर्षे टिकली तर त्या गावाचा एक खराखुरा इतिहास तयार होतो. कर्नल साइक्सने तरी याहून निराळे काय केले होते? त्याने पाहिले, आणि पाहिलेले लिहून ठेवले.

हे करताना एखादा मुलगा पुस्तकात नाही असे काही लिहून आणील. ते चुकीचे असू शकेल; पुष्कळदा असेलही. पण लाल शाई उघडण्यापूर्वी त्याच्याबरोबर दारापर्यंत जाऊन एकदा पाहून यावे, एवढीच माझी विनंती आहे. मी गेलो नाही. ते दार माझ्या टेबलापासून दहा पावलांवर होते, आणि बाहेर चिंचेवर त्या वेळीही कावळे ओरडत होते.

तो विद्यार्थी आज तिशी ओलांडलेला गृहस्थ असेल. मळा करीत असेल, किंवा कामधंद्यासाठी शहरात गेला असेल. आकाशवाणीचा आवाज पुष्कळ घरांत जातो. कदाचित त्याच्याही जात असेल. तसे असेल तर त्याला सांगतो: गड्या, कावळे दोनच आहेत. तुझ्या वहीत जे होते ते बरोबर होते. सहा गुण माझ्याकडे राहिले आहेत.